काकांकडूनच शिकून घ्यायचं आणि मग काकांनाच काढायचं, हे फेअर आहे का?

या वेळचं पत्र ठाण्याहून आलंय. बरंच मोठं होतं म्हणून थोडं कापलंय आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय.

"ताई, मी एका छोट्या कंपनीत प्रोग्राम को-ऑर्डिनेटर आहे. आम्ही शाळांमध्ये बाहुल्यांचे शो करतो, रस्ता क्रॉस करणं, दात घासणं, गुड टच बॅड टच असे विषय असतात. एक आजी आणि तिची बकरी अशा दोन मेन बाहुल्या आहेत आणि पहिल्या दिवसापासून आजी आमचे बाहुलीकार काका करतात आणि बकरी काकू. बाहुल्या काकांनी स्वतः बनवल्यात, फोम आणि कापडाचे पैसे कंपनीने दिले होते. आवाज त्यांचे, डायलॉग पण अर्ध्याहून जास्त त्यांचेच. ते पगारावर नाहीत, दर शोचं बिल देतात, दोघांचे मिळून 6,000. आम्ही शाळेकडून 18,000 घेतो, एका शोला साधारण 300 मुलं असतात. आता सरांनी ठरवलंय की कॉलेजची दोन मुलं घ्यायची, दोघांना मिळून 2,000 द्यायचे आणि आवाज काका-काकूंच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून लावायचा. ते रेकॉर्डिंग शाळांना सॅम्पल दाखवायला केलेलं. सर म्हणतात काका 61 चे आहेत, गुडघ्यामुळे गेल्या वर्षी दोन शो कॅन्सल झाले, उद्या ते थांबले तर काय कंपनी बंद करायची? ते मला पटतं पण. पण मला सांगितलंय की काकांना 'बॅकअप टीमचं ट्रेनिंग' म्हणून दोन रविवार बोलव, ते मुलांना सगळं शिकवतील, आणि जूनपासून त्यांना शो मिळणार नाहीत हे आत्ता बोलू नकोस. काका इतके खूश झालेत की मुलांच्या प्रॅक्टिससाठी दोन साध्या बाहुल्या शिवून आणतो म्हणाले. मला झोप लागत नाहीये. होम लोन आहे, नोकरी सोडता येणार नाही. हे फेअर आहे का? मी काय करू?"

अगं, आधी सरळ उत्तर देते. नाही, हे फेअर नाही. पण तुझ्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेत ते जरा सोडवून घेऊ. जुन्या बाहुलीकाराच्या जागी नवीन माणूस आणणं बरोबर आहे का, हा एक प्रश्न, आणि तुमच्या ऑफिसात जे चाललंय ते बरोबर आहे का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर हो असू शकतं. दुसऱ्याचं नाही, आणि त्याबद्दल मला जराही शंका नाही.

तुझ्या सरांचं एक म्हणणं खरंच आहे, ते आधी मान्य करू. बाहुली माणसापेक्षा जास्त जगते, त्यामुळे तिच्या आत कधी ना कधी दुसरा हात जाणारच आणि गेलाच पाहिजे. आपल्याकडे अर्धवटराव बघ ना, यशवंत पाध्यांनी घडवला, मग रामदास पाध्यांनी त्याला घराघरात पोचवला, आता सत्यजित पाध्ये त्याला बोलता ठेवतायत, म्हणजे तीन पिढ्या झाल्या आणि शंभरी ओलांडूनही तो तेवढाच खट्याळ आहे. सिंधुदुर्गात पिंगुळीच्या ठाकर कुटुंबांत कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथीच्या, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायच्या, पोथ्या अशाच पिढ्यान्पिढ्या पुढे गेल्यात, परशुराम गंगावण्यांनी तर गुरांच्या गोठ्यात त्याचं म्युझियम उभं केलं आणि 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. जपानच्या बुनराकू नावाच्या पारंपरिक बाहुलीनाट्यात एक बाहुली तीन जण मिळून हलवतात, नवशिक्याला आधी फक्त पाय देतात, आणि जाणकार सांगतात की पायांची दहा वर्षं, मग डाव्या हाताची दहा वर्षं, तेव्हा कुठे डोकं आणि उजवा हात हातात येतो. म्हणजे दुसरा माणूस तयार करणं हे या कलेच्या विरुद्ध अजिबात नाही, ते तर तिचं निम्मं काम आहे. त्यामुळे काका आहेत तोपर्यंत कोणी शिकूच नये, किंवा आजी ही फक्त काकांचीच, असं म्हणत मी तुझ्या बाजूने उभी राहणार नाही. गुडघा दुखतोय तर वारस हवाच.

आता तुला एका माणसाची गोष्ट सांगते, कारण तुझा प्रश्न त्यात अगदी बरोब्बर बसलाय. आपल्याकडे 2006 पासून गल्ली गल्ली सिम सिम लागायचं ते तुझ्या पिढीला आठवत असेल, चमकी वगैरे. त्याचा मूळ अमेरिकन कार्यक्रम सेसमी स्ट्रीट, त्यात बिग बर्ड नावाचा आठ फुटांहून उंच पिवळा पक्षी आहे. तो 1969 पासून कॅरोल स्पिनी नावाचा कलाकार करायचा. उजवा हात डोक्याच्या वर सरळ धरून त्यावर पक्ष्याचं अख्खं डोकं पेलायचं, करंगळीने पापण्या हलवायच्या, आणि आतून बाहेरचं काही दिसत नाही म्हणून छातीवर एक छोटा टीव्ही बांधून त्यात बघत बघत चालायचं. साठी, सत्तरी उलटली तरी तो हे करत होता. पण नव्वदच्या दशकातच मॅट व्होगेल नावाचा तरुण त्याच्या हाताखाली घेतला गेला, आणि तो बदली माणूस आहे, पुढे हे काम त्याचं होणार आहे, हे स्पिनीला आणि सगळ्यांना माहीत होतं. 2015 ला स्पिनीला तोल सांभाळणं जमेना तेव्हा पक्ष्याच्या आत व्होगेल गेला आणि आवाज मात्र स्पिनीच देत राहिला. 2018 ला ऐंशीच्या पुढे गेल्यावर त्याने पूर्ण निवृत्ती घेतली, तेव्हा ते जाहीर झालं, कौतुक झालं, आणि पुढचा माणूस कोण हेही त्याच दमात सांगितलं गेलं.

याच व्होगेलच्या हातात 2017 ला आणखी एक बाहुली आली, कर्मिट बेडूक. कर्मिट मुळात जिम हेन्सन या अमेरिकन बाहुलीकाराचा, 1955 मध्ये आईच्या जुन्या कोटाच्या कापडातून आणि पिंगपाँगच्या बॉलच्या दोन अर्धुकांतून बनवलेला. हेन्सन 1990 ला 53 व्या वर्षी अचानक गेला, मग त्याच्याबरोबर 1978 पासून काम करणारा स्टीव्ह व्हिटमायर कर्मिट करायला लागला आणि त्याने तो पंचवीसहून जास्त वर्षं केला. 2004 ला मपेट्स, म्हणजे कर्मिट आणि त्याच्या सोबतच्या बाहुल्या, डिस्नीने विकत घेतले. ऑक्टोबर 2016 मध्ये व्हिटमायरला काढलं, लोकांना कळलं पुढच्या जुलैमध्ये, आणि मग जाहीर भांडण सुरू झालं. कंपनी म्हणाली त्याची वागणूक चालण्यासारखी नव्हती, हेन्सनच्या मुलांनीही त्याच्यावर टीका केली, तो म्हणाला मी पात्राच्या भल्यासाठीच बोलत होतो. तिथे मुद्दा स्वस्त माणसाचा नव्हता, आणि कोण खरं कोण खोटं हे मी इथे बसून ठरवणार नाही. मला फक्त एवढंच दाखवायचंय की हात एकाच माणसाचे आहेत. तोच व्होगेल, तीच तयारी, तोच अनुभव. एका बाहुलीत तो आला तेव्हा लोकांनी त्याला वारस म्हणून घेतलं आणि दुसऱ्या बाहुलीत आला तेव्हा बिचाऱ्याने तोंड उघडायच्या आधीच त्याचा कर्मिट खोटा ठरवून झाला होता. फरक पडला तो जुन्या माणसाला कसं पाठवलं त्याने.

तुमच्या आजीच्या बाबतीत नेमकं इथेच बिघडतंय. सर काकांना सांगत नाहीयेत, आणि नुसतं सांगत नाहीत असंही नाही, तर त्यांच्याकडून त्यांची विद्या काढून घेण्यासाठी त्यांना खोटं सांगतायत. शिकवणं ही वेगळी वस्तू आहे गं, ती शोच्या 6,000 मध्ये येत नाही. आजीची मान कुठल्या शब्दावर वळते, तोंड उघडताना खालचा अंगठाच हलला पाहिजे, वरची बोटं उचलली की बाहुली आढ्याकडे बघायला लागते आणि समोरच्या पोराला वाटतं ही माझ्याशी बोलतच नाहीये, हे सगळं काकांनी वर्षानुवर्षं हात दुखवून मिळवलंय. ते द्यायचं की नाही, कोणाला, कशाच्या बदल्यात, हे ठरवायचा हक्क त्यांचा. कदाचित ते सगळं माहीत असूनही आनंदाने देतील, असे लोक असतात. पण मग तो निर्णय त्यांनी घेतलेला असेल. आत्ता मुलांसाठी बाहुल्या शिवत बसलेत त्यांना माहीतच नाही की आपण कशासाठी शिवतोय. तुझी झोप याच्यामुळे उडालीये, आणि उडाली हे चांगलं लक्षण आहे असं मी म्हणेन.

दुसरी गोष्ट आवाजाची, आणि यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण सरांना वाटतंय की हे फक्त खर्चाचं गणित आहे.

शाळेतला बाहुल्यांचा शो म्हणजे स्टेजवरचं नाटक नाही. पहिलीतली पोरं मध्येच ओरडतात, आजी तुझे दात कुठे गेले विचारतात, कोणीतरी रडतं, कोणाला शू लागते, मागच्या रांगेतला एक जण बकरीला बिस्किट द्यायला पुढे येतो. काका तिथल्या तिथे त्या पोराचं नाव विचारतात, आजी त्या नावाने हाक मारते आणि अख्खा हॉल तिच्या मुठीत येतो. रेकॉर्डिंग लावलं की हे सगळं गेलं. ट्रॅक थांबत नाही, पोरगा विचारतोय आणि आजी आपलंच पुढे बोलत सुटलीये. दोन मुलं बिचारी ट्रॅकच्या मागे धावत तोंड हलवणार, एक शब्द चुकला की पुढचं सगळं मागे पडणार. मुलांना हे कळतं, मोठ्यांपेक्षा लवकर कळतं. बुनराकूमध्ये पण बाहुली हलवणारे बोलत नाहीत, आवाज बाजूला बसलेल्या गायकाचा असतो, पण तो तिथे जिवंत बसलेला असतो, बाहुलीच्या हालचालीबरोबर श्वास घेत असतो. आवाज आणि हात वेगळे करता येतात, नाही असं नाही. आवाज मेलेला नको.

आणि तुमचा गुड टच बॅड टचचा शो? तो रेकॉर्डिंगवर करायचा विचारसुद्धा डोक्यातून काढायला सांग सरांना. या विषयात बाहुली का वापरतात हे त्यांना माहीत असायला हवं. मूल जे बाईंना सांगत नाही, आईला सांगत नाही, ते बाहुलीला सांगतं. शो चालू असताना एखादी पोरगी म्हणाली की आजी, माझ्यासोबत पण असं होतं, तर त्या क्षणी आजीच्या तोंडून काय निघतं यावर त्या मुलीचं पुढचं खूप काही अवलंबून असतं. आजीने घाबरायचं नाही, सगळ्यांसमोर तिला खोदून विचारायचं नाही, तू सांगितलंस ते छान केलंस आणि यात तुझी काही चूक नाही एवढं म्हणायचं, आणि शो संपल्यावर शाळेतल्या जबाबदार माणसापर्यंत ते पोचवायचं. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या, कायद्याप्रमाणे असं काही कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, गप्प बसणं हाच गुन्हा होतो, आणि 1098 ही चाइल्डलाइन त्यासाठीच आहे. आता विचार कर, त्या मुलीने हे सांगितलं आणि स्पीकरमधून आजी म्हणाली 'चला, आता आपण गाणं म्हणूया!' त्या मुलीला काय वाटेल? ती परत कोणाला सांगेल? हा धोका घेण्याचा अधिकार 4,000 रुपये वाचवण्यासाठी कोणालाच नाही. नवीन मुलं घेतली तरी या विषयाचं वेगळं ट्रेनिंग झाल्याशिवाय त्यांना या शोला पाठवायचं नाही, भले ती बाहुली कितीही छान हलवोत.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मी वकील नाही, त्यामुळे हे एका वकिलाला दाखवून घे, पण सरांसमोर बोलताना उपयोगी पडेल. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, 1994 च्या दुरुस्तीपासून, आणि 2012 ला तो आणखी पक्का झाला. कलाकार कोण याच्या यादीत नट, गायक, वादक, कसरतवाले, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा आहेत आणि शेवटी सादरीकरण करणारी इतर कोणतीही व्यक्ती असंही आहे, म्हणजे बाहुलीकार त्यात येतोच. हा हक्क 50 वर्षं टिकतो. सादरीकरण कोणी केलंय त्याचं नाव सांगितलं जावं हा हक्कही त्यात आहे. रेकॉर्डिंग शाळांना सॅम्पल म्हणून दाखवायला केलं होतं, त्याला काका-काकू हो म्हणाले, म्हणून तेच रेकॉर्डिंग पैसे घेऊन रोजच्या शोमध्ये वाजवायला त्यांनी हो म्हटलंय असं होत नाही. आणि ते पगारावर नाहीत, बिल देतात, हे फार महत्त्वाचं आहे, कारण नोकरीत लिहिलेलं सहसा कंपनीचं होतं पण बाहेरच्या माणसाने लिहिलेले डायलॉग, त्याने घडवलेली आजी, याचे हक्क कंपनीकडे यायला लेखी करार लागतो. तुमच्याकडे असा काही कागद आहे का ते शोध. फोमचे पैसे दिले म्हणजे ती प्रत्यक्ष बाहुली कंपनीच्या कपाटात राहील, पण आजीचं बोलणं आपोआप कंपनीचं होत नाही. आणि उद्या कोणी सुचवलं की आवाजाची कॉपी करणारं एआय सॉफ्टवेअर आहे, ते वापरू, तर 2024 मध्ये अरिजित सिंगच्या आवाजाच्या बाबतीत मुंबई हायकोर्टाने परवानगीशिवाय असं करायला मनाई केलीये, ते सांग. तो मोठा स्टार आहे, काकांची केस वेगळी असेल, पण वारं कुठल्या दिशेला वाहतंय ते सरांना कळेल.

त्या दोन मुलांबद्दल पण बोलू. त्यांना कोणी व्हिलन करू नका, काकांच्या घरचे करतील, तू करू नकोस. त्यांना काम हवंय आणि 1,000 रुपयांत अख्खा शो, बाहुल्यांची पेटी उचलणं, पडदा लावणं, सगळं करायचंय. स्वस्त माणूस म्हणजे ज्याला अजून आपल्या कामाचा भाव माहीत नाही असा माणूस, पाच वर्षांनी त्यांना भाव कळला की त्यांच्या जागी आणखी कोणी 1,000 वाला येईल. आत्ता काकांसाठी जो नियम कराल तोच त्यांच्यासाठी पण असणार आहे.

आता पैशाचं बघू, कारण सरांना फक्त काय चुकतंय हे ऐकवून उपयोग नाही, समोर काहीतरी ठेवावं लागेल. 18,000 ला 300 मुलं म्हणजे एका मुलामागे 60 रुपये. त्यात 5 रुपये वाढवले तर एका शोमागे 1,500 येतात. सगळ्या शाळा देणार नाहीत, बऱ्याच देतील, कारण ज्या बाई एकदा हा शो बघतात त्या पुढच्या वर्षी आजीलाच बोलावतात, हे तू मला सांगायची गरज नाही, बुकिंग तूच घेतेस. मग असं करता येईल की काकांना उभं राहायला लावायचंच नाही. त्यांनी पडद्याच्या बाजूला खुर्चीत बसून माईकवर आजीचा आवाज द्यायचा आणि एका मुलाने आजी हातात घ्यायची, स्पिनीने शेवटची तीन वर्षं जे केलं तेच. काकू बकरी करत राहतील, त्यांना काही गुडघेदुखी नाहीये. दुसरा मुलगा काकूंकडे शिकायला बसेल. काका-काकूंचे 6,000 थोडे कमी होतील कदाचित, म्हणजे 5,000, मुलांचे 2,000, एकूण 7,000, म्हणजे आत्तापेक्षा 1,000 जास्त आणि ते वाढीव फीमधून निघून वर 500 उरतात. बदल्यात कंपनीला काय मिळालं? गुडघ्यामुळे शो कॅन्सल होण्याची भीती गेली, आणि वर्ष-दीड वर्षात एक दुसरी तयार जोडी उभी राहिली जी स्वतःच्या आवाजात बोलू शकते, म्हणजे एका दिवशी दोन शाळा घेता येतील. सर स्वस्त टीम शोधतायत पण त्यांना खरं तर दुसरी टीम हवी आहे.

शिकवण्याचे पैसे वेगळे, रविवारचे, आणि आधी ठरवलेले. काका पूर्ण थांबतील तेव्हा आजी आणि तिचे डायलॉग वापरण्याचा एक करार, दर शोमागे 400-500 रुपये, किंवा एकरकमी काहीतरी, जे त्यांना मान्य असेल ते. आणि शोच्या शेवटी मुलं बाहुल्यांना टाटा करतात ना, तेव्हा आजी कोणी बनवली त्यांचं नाव माईकवर घ्यायचं. याला एक रुपया लागत नाही आणि तेवढंच सगळ्यात आधी विसरलं जातं.

आता तू काय करायचंस. ट्रेनिंगच्या रविवारच्या आधी सरांशी बोल, एकटी, केबिनचं दार लावून, चार लोकांसमोर नाही. त्यांना चूक ठरवत सुरुवात करू नकोस. म्हण की सर, बॅकअप हवा हे मला पटतं, पण काकांना खरं न सांगता मी त्यांना ट्रेनिंगला बोलवू शकत नाही, ते मला जमणार नाही. एवढं एक वाक्य ठाम म्हण आणि मग वरचं गणित कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेव. रेकॉर्डिंगच्या हक्काचं बोल, पॉक्सोचं बोल. धमकीच्या आवाजात नको, कंपनी अडचणीत येईल या काळजीने बोल, कारण खरंच येईल. त्याच दिवशी त्यांना एक छोटी ईमेल पण कर, आज आपलं असं असं बोलणं झालं, काकांना जूनचं सांगून मगच ट्रेनिंग ठेवावं असं मी सुचवलं, बस. ती ईमेल तुझ्यासाठी आहे, पुढे काही झालं तर तू काय सांगितलं होतंस ते तारखेसकट राहील.

सर हो म्हणाले तर काकांशी बोलायला सरांनीच जायचं, तुला पाठवू नये. जे आजपर्यंत कंपनीचा चेहरा होते त्यांना ही गोष्ट मालकाच्या तोंडून कळली पाहिजे.

नाही म्हणाले तर? होम लोन आहे हे मला कळतं, आणि मी तुला राजीनामा फेकून ये असं सांगणार नाही, ते सांगणं सोपं असतं आणि हप्ता दुसऱ्याला भरायचा असतो. पण नोकरी टिकवणं आणि स्वतःच्या तोंडाने खोटं बोलणं यात बरीच जागा आहे. तू म्हणू शकतेस की मग ट्रेनिंगचा फोन तुम्ही करा सर, मी करणार नाही. बाकी सगळं काम नीट करत राहा. आणि दुसरीकडे बघायला लाग, शांतपणे, कारण जो मालक आपल्या पहिल्या कलाकाराशी असं वागतो तो को-ऑर्डिनेटरशी वेगळं वागेल असं धरून चालू नकोस. शाळांचे मुख्याध्यापक, मुलांचे कार्यक्रम करणाऱ्या संस्था, लायब्ररीवाले, सगळे तुला ओळखतात, ही ओळख तुझी आहे.

काकांना सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस पण तुला तेच विचारायचं होतं असं मला वाटतं. हो, सांगायचं. सरांना तीन-चार दिवस दे, त्यांनी स्वतः सांगितलं तर उत्तमच. नाही सांगितलं तर रविवार उजाडायच्या आत काकांना कळलं पाहिजे. ऑफिसचे मेल फॉरवर्ड करू नकोस, कोणाचे पगार-हिशोब सांगू नकोस, फक्त एवढंच की काका, ट्रेनिंगला हो म्हणायच्या आधी जूननंतरच्या शोचं सरांकडून लेखी विचारून घ्या, आणि तुमचं रेकॉर्डिंग कुठे कुठे वापरणार तेही विचारा. ते अनुभवी आहेत, एवढ्यात समजतील. तुझ्यावर रागावतीलही कदाचित, पहिल्या दिवशी माणूस समोर जो असतो त्याच्यावर रागावतो, ते ऐकून घे.

आणि व्हॉट्सअॅपवर नको, फोन कर, काकू घरी असतील अशा वेळी कर आणि फोन स्पीकरवर ठेवायला सांग. तुझ्या पत्रात सगळीकडे काका काका आहे, सरांच्या प्लॅनमध्ये पण काकांचं वय आणि काकांचा गुडघा आहे, पण बकरी तर काकू करतात ना, आवाज त्यांचाही वाजणार आहे, आणि त्यांना अजून कोणी काहीच विचारलेलं नाही.